शमीमचा आयडी आणि माझी मंगळवारची सुट्टी

१४ मे, मंगळवार

शाळेचं पत्र आलं. शिपाई काउंटरवर ठेवून गेला, चहालाही थांबला नाही. यंदापासून गणवेश एका कंपनीकडून. पालकांनी मोबाइलवरून मागवायचे, घरपोच येणार. 'आपण इतकी वर्षे दिलेल्या सेवेबद्दल शाळा आपली आभारी आहे.' सही, शिक्का.

अब्बांच्या काळापासून या शाळेचे गणवेश आमच्या दुकानात शिवले जातात. सदाशिव पेठेतल्या या गल्लीतून जाणाऱ्या निम्म्या पुरुषांची दहाव्या वर्षीची कंबर मला तोंडपाठ आहे.

राखाडी कापडाचे तागे मागच्याच आठवड्यात आणलेत. त्यांचं आता काय?

१६ मे, गुरुवार

दोन दिवस घरी बोललो नाही. आज बोललो. शमीम नुकतीच कामावरून आली होती, स्कूटरची चावी अजून हातात. पत्र अर्धंच वाचलं, मग माझ्याकडे बघत राहिली.

"आधी जेवून घ्या."

(हिंदीत म्हणाली. घरात आम्ही हिंदीच बोलतो. पण मी म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतला, लिहिताना हात मराठीतच चालतो.)

जेवताना आयेशा म्हणाली, "अब्बू, तुम्ही पण ऑनलाइन जा ना. मी पेज बनवते तुमचं." बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर पेज आहे.

शमीमने न विचारता ताटात आणखी एक पोळी वाढली. खाल्ली.

१९ मे, रविवार

शमीमबद्दल लिहायचं नेहमी राहून जातं.

तीन वर्षांपूर्वी ती बिबवेवाडीच्या याच घरात, गॅलरीत खुर्ची टाकून बिल्डिंगमधल्या बायकांच्या भुवया कोरायची. बायका यायच्या, गप्पा मारायच्या, शेजारणीकडून कसले पैसे घेतेस म्हणत निघून जायच्या. मग खालच्या मजल्यावरच्या रोहिणीने तिला या घरपोच पार्लरच्या कंपनीत नेलं. ॲपवर नाव, फोटो, आयडी. लोक मोबाइलवर काम नोंदवतात, ही बॅग घेऊन त्यांच्या घरी जाते.

मीच नको म्हणालो होतो. कुणाच्या घरी जाऊन कुणाचे पाय घासायचे, असं काहीतरी बोललो होतो. ती म्हणाली, "तुम्ही परक्या माणसांच्या कमरेला टेप लावता. मी काही म्हणते?"

आज तिची स्वतःची स्कूटर आहे. स्वतःचं पासबुक. छातीवर नावाची पट्टी. कोथरूडपासून खराडीपर्यंत एकही पत्ता विचारावा लागत नाही. आयेशाची फी तीच भरते. मी नको म्हणालो होतो हे तिने आजवर एकदाही उकरून काढलेलं नाही.

२ जून, रविवार

दरवर्षी या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आज स. १० ते दु. १ एकच माणूस. आपटे सर. त्याच शाळेतून रिटायर झालेले. ते मला मास्तर म्हणतात, मी त्यांना सर.

"मास्तर, ही पँट जरा सैल करा."

"सर, आता सोडायला आत कापडच उरलं नाही."

"माझा डॉक्टरही साधारण हेच म्हणतो."

मग शाळेच्या पत्राचा विषय निघाला. सर म्हणाले, "नातवाचा गणवेश आला काल, खोक्यातून. बरा आहे. तुमच्यापेक्षा स्वस्तही आहे. खोटं कशाला बोलू?"

खोटं बोलले नाहीत याचं बरं वाटलं. वाईटही वाटलं, ते वेगळं.

जाताना म्हणाले, "नवीन पँटचं माप घ्या." त्यांना पँटची गरज नव्हती. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. माप घेतलं. कंबर मागच्या वेळेपेक्षा कमी भरली. म्हणजे जुनी पँट सैल करायचीही गरज नव्हती. आकडा वहीत लिहून घेतला.

१७ जून, सोमवार. बकरी ईद

शमीमने आज ॲप बंद ठेवलं. बिर्याणी तिने केली, रोहिणीसाठी शीरखुर्मा वेगळा. रोहिणी आली, दोन वाट्या खाऊन गेली. तिचा मुलगा यंदा पहिलीत. दोघी जावा-जावांसारख्या बोलतात. नवरा गेल्यापासून रोहिणी एकटीच घर ओढते. पण हसते मोठ्याने.

दुपारी शमीमला म्हणालो, दुकान सोडतो.

तिने भांडी घासणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "माझी एक क्लायंट मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात मोठ्या पोस्टवर आहे. त्यांना आल्टरेशनला चांगला माणूस मिळत नाही म्हणत होती."

"तू कधी विचारलंस?"

"मे महिन्यात. ते पत्र वाचलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे पत्र आलं त्याच आठवड्यात. मी स्वतः दुकान सोडतो म्हणेपर्यंत महिनाभर थांबली.

५ जुलै, शुक्रवार

मुलाखत. मॅनेजर मुलगी आयेशापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. "सर, एक्सपिरियन्स किती?" म्हटलं, एकतीस वर्षं. "काही सर्टिफिकेट?" मी डाव्या हाताचं पहिलं बोट दाखवलं. नखातून सुई दोनदा आरपार गेलीय, नख तेव्हापासून वाकडंच वाढतं. ती आधी दचकली, मग हसली. एक पँट दिली, दीड इंच कमी करून द्या. दिली.

सोमवारपासून या म्हणाली.

एकोणपन्नासाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी.

७ जुलै, रविवार

दुकान रिकामं केलं. एक मशीन विकलं, एक घरी आणलं. राखाडी तागे एका आश्रमशाळेला देऊन टाकले. त्यांच्याकडे गणवेश राखाडी नाही, पण नेऊ म्हणाले.

कात्री अब्बांची. ती पिशवीत वरती ठेवली.

समोरच्या फुटपाथवर आपटे सर छत्री घेऊन उभे. आत आले नाहीत. शटर ओढल्यावर रस्ता ओलांडून आले. "मास्तर, माझ्या पँटचं काय झालं?"

तयार होती, दिली. घडी उलगडून शिलाई उजेडात धरून बघितली, अगदी शाळेतली वही तपासावी तशी.

"उत्तम," म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द पहिल्यांदा.

२३ जुलै, मंगळवार

आज सुट्टी. साप्ताहिक. दर मंगळवारी.

फायदे लिहून ठेवतो, नाहीतर अन्याय होईल. पाठ टेकायची खुर्ची. एसी. स्वच्छ संडास (पेठेत चाळीस पावलांवर सार्वजनिक होता, त्याबद्दल लिहीत नाही). प्रॉव्हिडंट फंड. दुपारी जेवायला ठरलेली वेळ, त्या वेळेत कोणी हाक मारत नाही. आणि सुट्टी. अब्बांनी आयुष्यात दोनदा सुट्टी घेतली, दोन्ही वेळा दवाखान्यात.

आता दुसरी बाजू. दोन आठवड्यांत एकही पूर्ण कपडा शिवलेला नाही. पाय कमी करा, कंबर आत घ्या, बाही वर घ्या. दिवसभर दुसऱ्याच्या शिलाया उसवतो. काल एका पँटचा खिसा बघितला, इतका सुरेख बसवलेला. टाके मोजून घ्यावेत असे. कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात कोणीतरी दिवसभर फक्त डावा खिसा लावत असणार. त्यालाही अख्खी पँट दिसत नसेल. त्याला सांगावंसं वाटलं, बाबा, इथे पुण्यात एकाने बघितलाय तुझा खिसा.

माप घ्यायला गुडघ्यावर बसलो तरी गिऱ्हाईक फोनमध्ये असतं. नाव कोणी विचारत नाही.

पण घरी वेळेवर येतो. शमीम म्हणते, तुमचा चेहरा भरलाय.

६ ऑगस्ट, मंगळवार

शमीमच्या बॅगेचं वजन केलं, घरातल्या काट्यावर. तेरा किलो. मेणाचा हीटर, चादरी, टब, बाटल्या. ती हे खांद्यावर घेऊन लिफ्ट बंद असेल तिथे जिने चढते. काही इमारतींत लिफ्ट चालू असते, पण कामवाल्यांसाठी नसते.

तिचा खांदा पहिल्यांदा नीट बघितला. पट्ट्याचा वळ. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि मी जगाचे खांदे मोजत होतो.

दिवसभर बसून बॅगेला नवीन पट्टा शिवला. रुंद, आत दुहेरी फोम, पाठीच्या बाजूला मऊ कापड. गॅलरीत मशीन चालू झालं तशी आयेशा येऊन शेजारी बसली, पुस्तक घेऊन. लहान असताना दुकानात बसायची तशी.

संध्याकाळी शमीमने बॅग खांद्याला लावून घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या. म्हणाली, "मास्टर, शिलाई किती झाली?"

"तुमच्या रेटिंगवर सोडलं."

हसली. खूप दिवसांनी मोठ्याने. किती स्टार दिले ते मात्र सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

शमीम उशिरा आली, चेहरा उतरलेला. खराडीत अकराव्या मजल्यावर पाटणकर आजी म्हणून आहेत, महिन्यातून एकदा पाय आणि डोक्याच्या मालिशसाठी हिलाच बोलावतात. मुलगी ऑफिसात, आजी घरात एकट्या. आज मालिश करताना त्यांना घेरी आली. घाम, हात गार. शमीमने झोपवलं, मुलीला फोन लावला, सोसायटीतल्या डॉक्टरांना बोलावलं. मुलगी पोहोचेपर्यंत हात धरून बसली. दीड तास.

तेवढ्यात पुढची दोन कामं चुकली. बॅगेत फोन वाजत होता. उठता येईना, आजी हात सोडत नव्हत्या.

आजी बऱ्या आहेत. साखर उतरली होती. मुलगी रडली, हिच्या पाया पडायला लागली.

मी म्हणालो, चांगलं केलंस. "ते ठीक आहे," म्हणाली, "पण त्या दोघी बायका वाट बघत बसल्या असतील."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ॲप उघडलं तर लाल पट्टी. आयडी बंद, म्हणजे काम बंद. 'वारंवार अनुपस्थिती'. मागे जुलैत आयेशाला डेंग्यू झाला तेव्हा एक काम सोडलं होतं. ते एक, ही दोन. तीन झाली.

मदतीच्या नंबरवर रेकॉर्ड केलेली बाई बोलते. तिच्यानंतर दुसरी रेकॉर्ड केलेली बाई. शमीम दोघींना 'मॅडम' म्हणत होती. सवय.

पाटणकर आजींच्या मुलीने कंपनीला लांबलचक मेल पाठवली. उत्तर लगेच आलं. अभिप्रायाबद्दल धन्यवाद.

मी कामावर गेलो. सात पँटा कमी केल्या. एक जरा जास्तच कमी झाली.

२९ सप्टेंबर, रविवार

रोहिणीचाही आयडी बंद होता हे आज कळलं. आठवड्यापूर्वीच. बोलली नव्हती. तिचं कारण वेगळं, एका बाईने रोहिणीसमोर ऐनवेळी आणखी दोन बहिणी बसवल्या, काम नोंदवलं होतं एकीचंच. रोहिणीने नाही म्हटलं. बाईने एकच स्टार दिला, रेटिंग घसरलं.

दोघींनी फोन करत करत आयडी बंद झालेल्या, स्वतःला धरून, अकरा जणी गोळा केल्या. मंगळवारी खराडीच्या ऑफिसात जायचं ठरलं. शमीमने विचारलं, "तुमची सुट्टी आहे ना?"

याआधी तिने मला कशासाठी सोबत बोलावल्याचं आठवत नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो. काचेची इमारत. पुरुषांचं वर काही काम नव्हतं, मी खाली अकरा स्कूटर राखत उभा. चांगलं काम होतं. हेल्मेटं ओळीत लावून ठेवली.

आधी गेटवर तासभर. कार्ड नाही तर आत नाही. शमीम वॉचमनला म्हणाली, "दादा, या बिल्डिंगमधल्या किती जणींच्या घरी मी जाते ते सांगू का? तिथे मला कार्ड विचारत नाहीत, चहा देतात." शेवटी दोघींना सोडलं. शमीम आणि रोहिणी.

वर काय झालं ते रोहिणीने खाली येऊन सांगितलं, सगळ्यांचे आवाज काढून. तरुण अधिकारी. सभ्य. आधी पाणी मागवलं. "ताई, आयडी आम्ही बंद करत नाही, सिस्टीम करते." रोहिणी म्हणाली, मग सिस्टीमला बोलवा. तो म्हणाला, "मला पर्सनली खूप वाईट वाटतं." त्यावर शमीम म्हणाली,

"तुम्हाला वाटून काय उपयोग, साहेब? कंपनीला वाटायला लावा."

आणि मग म्हणाली (हे रोहिणीने दोनदा सांगितलं), "तुमच्या कंपनीने मला माणसांत आणलं, हे मी विसरत नाही. मी घरात बसलेली बाई होते. पण माणसांत आणलंत, तर माणसासारखं वागू तरी द्या. म्हातारी बाई हात सोडत नसेल तर बसू द्या."

त्याने म्हणे लिहून घेतलं. पंधरा दिवस द्या म्हणाला.

खाली आल्यावर शमीमने चावी माझ्या हातात दिली. स्कूटर मी चालवली. ती मागे बसली. हडपसरला पाठीला डोकं टेकवलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

शमीम घरी. सगळे डबे घासून झाले, पडदे धुऊन झाले. माझे शर्ट इस्त्री करते, मॉलमध्ये युनिफॉर्म असतो तरी. सकाळी आठला उगाच बॅग भरते, मग रिकामी करते.

पाटणकर आजींचा फोन. "कंपनीला मरू दे गं, तू सरळ माझ्याकडे ये." आजींच्या ओळखीच्या आणखी चौघी आहेत. नियमात बसत नाही, कळलं तर आयडी कायमचा जाईल.

आयेशा म्हणते, "अम्मी, करून टाक. दे डोन्ट ओन यू."

शमीम म्हणाली, "आजींकडे जाईन, भेटायला. काम म्हणून नाही. अजून नाही."

मला वाटतं, तिला ते नाव परत हवंय. छातीवरचं. आश्रित म्हणून, ओळखीवर काम मिळवणं तिने गॅलरीत भरपूर केलंय.

मला ते पूर्वी कळलं नसतं. दुकानावरची पाटी माझी होती तोवर.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अकरापैकी पाच जणींचे आयडी चालू झाले. शमीमचा झाला. रेटिंग चांगलं म्हणून. सोबत मेसेज: पुन्हा स्वागत आहे, आणि फुग्यांचं चित्र.

रोहिणीचा नाही.

तिच्यामुळे ही कामाला लागली. तिच्यासोबत वर गेली.

संध्याकाळी सगळ्या जणी आमच्या घरी जमल्या. चपलांनी जिना भरला. ठरलं की सहा जणी परत येईपर्यंत पाचांपैकी कोणीच ॲप चालू करायचं नाही. दिवाळी तोंडावर, वर्षातलं सगळ्यात जास्त काम याच दिवसांत. तेव्हाच कंपनीला बायका लागतात, तेव्हाच थांबायचं. रोहिणी मध्येच उठली. चहा तिनेच केला सगळ्यांना, आमच्या स्वयंपाकघरात, डबे न विचारता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पाचांपैकी दोघींनी ॲप चालू केलं. एकीने फोन करून सांगितलं, रडत. शमीम म्हणाली, "रडू नकोस, तुझा नवरा अंथरुणाला खिळलाय. मला राग नाही." फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीत उभी होती. राग नव्हता, हे खरं वाटलं. दुसरं काहीतरी होतं.

मॉलमध्ये दिवाळीची गर्दी. सुट्ट्या रद्द होतील का विचारलं. मॅनेजर म्हणाली, तुमची नाही सर, तुम्ही घ्या. तिने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. इकबालसर.

बरी मुलगी आहे. आयेशासारखीच भात टाकून उरलेलं सगळं खाते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी रोहिणी वर आली. बसली नाही.

"शमीम, तू चालू कर."

"का?"

"मी सांगते म्हणून. तू घरी बसून माझं पोट भरत नाही. मी बघते काहीतरी. लग्नाच्या सीझनला एका मेकअपवालीने बोलावलंय हाताखाली."

"आणि मुलाला?"

"आईला बोलावते गावाहून." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुम्ही सांगा हिला."

मी म्हणालो, चहा घे. नको म्हणाली. दारातून परत आली, शमीमचा गाल ओढला, गेली.

दुपारी आम्ही दोघंच. आयेशा कॉलेजात. शमीम फोन घेऊन जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. म्हणाली, नुसतं बघते. चालू केलं.

मिनिटही झालं नसेल, काम आलं. खराडी, शुक्रवारी, सकाळी ११. अर्ध्या मिनिटात हो म्हणावं लागतं, नाहीतर ते दुसरीकडे जातं. एक गोल असतो, कमी कमी होत जातो. फोन तोवर वाजत राहतो. मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. ती अंगठा वर धरून बसलेली. गोल बारीक झाला. गेला.

"तीन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वाजू दिला," म्हणाली.

आलेलं काम सोडलं की रेटिंग घसरतं. ते तिला माहीत आहे, मला माहीत आहे.

"आता?"

"आता दुसरं येईल."

"मग काय करशील?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. हात मात्र धरला, वाकडं नख अंगठ्याने चाचपत राहिली.

"माहीत नाही. तुम्ही बसा इथे."

बसलो आहे. डावा हात तिच्याकडे आहे, उजव्याने लिहितोय. फोन जमिनीवर, दोघांच्या मध्ये, उताणा.